नवा मोबाइल कोणाचा?

नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस 1928 सालची. तिथे अण्णांची तीस वर्षं नोटांचे ताव तपासण्यात गेली. शाई कुठे फुटली का, आकडा सरकला का, हे बघायचं तर ताव या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नजरेखालून घालावा लागतो. निवृत्त झाले, मोतीबिंदू काढून झाला, तरी ती सवय सुटली नाही. दुधाचं बिल आलं तरी ते उलटून मागची बाजू बघतात.

मुलगा सातपूरच्या कारखान्यात. त्याला पहिलंच क्रेडिट कार्ड मिळालं. पाकीट फोडून दोन दिवस झाले नाहीत तोच संध्याकाळी फोन आला.

"सर, तुमचं कार्ड अजून चालू केलेलं नाही. रात्री बारापर्यंत केलं नाही तर बंद होईल, वर दंड बसेल."

बोलणं अदबीचं. मुलाने कार्डाचा नंबर वाचून दाखवला, मुदतीची तारीख सांगितली. मोबाइलवर मेसेज वाजला.

"आता आलेले सहा आकडे सांगा, सर."

"थांब," अण्णा म्हणाले. "मेसेज पुरता वाच आधी."

"अण्णा, नुसता ओटीपी आहे. माणूस खोळंबलाय फोनवर."

अण्णांनी चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला. आकड्यांपुढे लिहिलं होतं की हा ओटीपी नव्या मोबाइलवर बँकेच्या अ‍ॅपची नोंदणी करण्यासाठी आहे, तो कोणालाही सांगू नका.

"नवा मोबाइल कोणाचा रे? तुझा तर तीन वर्षांपूर्वीचा आहे."

मुलाचा चेहरा उतरला. त्याने फोन बंद केला आणि लगेच कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर कळवून ते कार्ड रद्द करून घेतलं. ओटीपी कशासाठी आहे आणि तो कोणालाही सांगू नका, ही सूचना बँका ओटीपीच्या मेसेजातच लिहितात आणि आपण नेमकी तीच सोडून आकडे तेवढे उचलतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि रात्री बाराचा तो धाक निव्वळ खोटा होता. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार कार्ड तीस दिवसांत चालू झालं नाही, तर बँकेने ग्राहकाची ओटीपीद्वारे संमती मागायची. ती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायचं, तेही ग्राहकाकडून एक पैसा न घेता. उशीर करणाऱ्याचं काहीच बुडत नाही.

आठवड्याने दुसरं कार्ड आलं. रविवारी सकाळी बापलेक ओट्यावर बसले. पाकिटातल्या माहितीपत्रकावर अ‍ॅपचं नाव होतं, तेच शोधून घेतलं. मुलाने पिन ठरवला तेव्हा अण्णांनी मान वळवली. मग अ‍ॅपमधली बटणं उघडली. ऑनलाइन खरेदी, परदेशातला वापर, कार्ड नुसतं टेकवून पैसे देणं, सगळं बंद. 2020 पासून नवी कार्डं अशीच येतात, हवं ते आपण चालू करायचं.

"याचं काम काय?" अण्णा एकेका बटणावर बोट ठेवून विचारत गेले. ऑनलाइन चालू झालं, त्याला दहा हजारांची मर्यादा घातली. परदेशाचं बटण तसंच राहिलं.

शेवटी बिल आपोआप भरण्याचा पर्याय आला. संपूर्ण रक्कम की किमान रक्कम? मुलाचं बोट किमानवर गेलं.

"किमान भरलं की बाकीचं माफ होतं का?"

"नाही. त्यावर व्याज चढतं. नव्या खरेदीवरही मग पहिल्या दिवसापासून."

"मग ते किमान कोणाच्या सोयीचं?"

मुलाने बोट वर सरकवलं.

पहिलं बिल 2,140 रुपयांचं आलं. अण्णांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि ठरल्या तारखेला सगळेच्या सगळे 2,140 रुपये मुलाच्या खात्यातून वळते झाले.