हरकत नाही

बदलापुरात बिल्डर जमीन घेतो तेव्हा त्याचा वकील आधी टायटल तपासतो. तीस वर्षांचे सातबारे, फेरफार, निबंधक कार्यालयातला सर्च. मग पेपरात नोटीस येते, कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा. कुणी आलं नाही की टायटल क्लिअर.

आमच्या वीस गुंठ्यांचंही तसंच झालं. उल्हास नदीच्या अंगाला आमची भातखाचरं होती. आजोबांच्या मागे फेरफारात बाबा, काका आणि आत्या अशी तीन नावं लागली होती. मुलीला बापाच्या मिळकतीत वारस १९५६ च्या कायद्यानंच केलंय. वकील म्हणाले, "बहिणीचं हक्कसोडपत्र आणा, मग पुढचं बोलू."

आत्या अंबरनाथहून आली. साडीचोळी आणून ठेवलीच होती. तिला वाचता येत नव्हतं. काका मला म्हणाले, "तू कॉलेजात जातोस ना, वाचून दाखव आत्याला." मी वाचलं. 'स्वखुशीने' वाचलं. 'कोणाच्याही दबावाला बळी न पडता' वाचलं. 'कोणताही मोबदला न घेता' एवढं गाळलं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि गाळलं.

"कसला रं कागुद?" आत्यानं विचारलं.

"माहेरचा," बाबा म्हणाले.

"मंग माजी काय हरकत?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी निबंधकांसमोर अंगठा देऊन आली.

आज तिथं चार मजली इमारत आहे. आयुष्याची कमाई घालून लोकांनी घरं घेतलीत. त्यांचा काय दोष? त्यांना पक्का कागद मिळायलाच हवा. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी माणसं सगळं मागं टाकून आली आणि लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. घराचा कागद म्हणजे काय, हे त्यांना विचारावं.

पण कागदाला एवढंच कळतं, की हरकत आली नाही. हरकत नसणं वेगळं आणि हरकत घेता न येणं वेगळं. फसवून घेतलेली संमती कायदाही मानत नाही. पण ते शाबीत करायला आत्याला भावांविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली असती. आमच्याकडे म्हणतात, बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं. भावानं तो काढून घेतला तर काय तुटतं, हे कुणी बोलत नाही.

बाबा गेल्यावर मी हिशेब मांडला. आत्याच्या वाट्यापैकी बाबांकडे आलेले पैसे जमवायला मला सहा वर्षं लागली. भाऊबीजेला ते तिच्या पुढ्यात ठेवले आणि गाळलेली ओळ वाचून दाखवली. वाटलं होतं, ती म्हणेल, "ऱ्हाऊ दे रं, घरातच हाय."

ती तसं म्हणाली नाही. तिनं पैसे मोजले, पदरात बांधले आणि मला ओवाळलं.

तेव्हा कळलं, हरकत पहिल्यापासून होती.