आत्याचा रिपोर्ट

आत्याच्या हृदयाच्या एमआरआयचा रिपोर्ट तिच्याआधी मी वाचला. लॅबच्या फॉर्मवर माझा मोबाइल नंबर होता, त्यामुळे लिंक मला आली. पुढचे नऊ दिवस मी तिला सांगत होतो, "अजून आला नाहीये गं."

तिला सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे. यात रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. कातडी आणि आतले अवयव हळूहळू कडक होत जातात. सुरुवात बोटांपासून झाली. फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली की बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. आता लाटणंही नीट धरता येत नाही. हे सगळं दिसतं. हृदयाचं दिसत नाही. दरवर्षीच्या इकोमध्ये तिचं पंपिंग साठ टक्के, म्हणजे एकदम नॉर्मल. पण या आजारात हृदयाच्या स्नायूवर ठिकठिकाणी वण पडू शकतात आणि तरीही पंपिंग बराच काळ चांगलं राहू शकतं. एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियम सोडतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, वणाच्या जागी रेंगाळतं, आणि चित्रात तेवढा भाग पांढरा चमकतो. आत्याच्या चित्रात तो चमकत होता.

मग रात्री दोन वाजेपर्यंत मी रिसर्च पेपर वाचत बसलो. तिथे जिन्यासारखे उतरत जाणारे आलेख असतात. वण नसलेल्यांची रेघ वर, असलेल्यांची खाली. त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी गेलेलं माणूस, हे लक्षात यायला मला वेळ लागला. आजार दुर्मीळ, म्हणून अभ्यासही बरेचसे लहान. त्यात अनेकदा एमआरआय होतो तो आधीच तक्रारी असलेल्यांचा. फक्त क्रॅश झालेल्या सर्व्हरचे लॉग बघून सगळ्या सर्व्हरबद्दल बोलावं, तसं. हे सगळं कळत असूनही मी त्या खालच्या रेघेवर आत्याला शोधत होतो.

लपवण्यामागे माझ्याकडे तर्क होता. ऑफिसमध्ये आमचा नियम आहे: ज्या अलर्टवर कुणी काही करू शकत नाही, तो बंद करा, लोकांची झोप उगाच मोडते. वण तर पुसता येत नाहीत, मग सांगायचं कशाला?

तर्क पहिल्याच पायरीवर चुकला होता. डॉक्टरांना करण्यासारखं होतं: ठोक्यांची गडबड शोधायला होल्टर, औषधांचा फेरविचार. पण समजा, तेही नसतं. 'काही करणं' म्हणजे फक्त उपचार, हे मी कोण ठरवणारा? आत्या शाळेत शिकवते. आत्ताच नोकरी सोडावी की अट्ठावन्नपर्यंत रेटावं, याचा ती वर्षभर विचार करतेय.

चित्रकार पाउल क्ले यांनाही बहुधा हाच आजार होता; निदान त्यांच्या मृत्यूनंतर, इतरांनी मांडलेलं. १९४० साली ते गेले. त्याच्या आदल्या एका वर्षात त्यांनी बाराशेहून जास्त चित्रं केली. पुढचं कळलं की माणूस खचतोच, हे मी जितक्या खात्रीने गृहीत धरलं होतं, तितकी खात्री आता वाटत नाही.

अर्थात, न कळून घेण्याचाही हक्क असतो. फक्त तो वापरायचा की नाही, हे तिला विचारायला हवं होतं. मी तिच्या वतीने परस्पर वापरून टाकला.

दहाव्या दिवशी सांगलीला गेलो. ती म्हणाली, "आकडे नको सांगूस. चित्र दाखव." मी लॅपटॉप उघडला. तिने स्क्रीनजवळ तोंड नेऊन बराच वेळ पाहिलं.

"हे पांढरं, ते का? माझ्या बोटांसारखं?"

"साधारण तसंच."

"डॉक्टरांकडे कधी जायचंय?"

"सोमवारी."

मग तिने चष्मा वर सरकवला आणि चित्राच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचायला लागली. तारीख तिथेच होती.