विचारायचे ते तिलाच

२००५-०६ मध्ये भारतातल्या दर शंभर बाळंतपणांपैकी जेमतेम ३९ दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ८९ च्या जवळ गेला, महाराष्ट्रात तर ९५ च्या जवळ. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणही त्याच काळात उतरले. देशात एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये २५४ माता मरत होत्या, २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ वर आले. जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशाताई आणि उपकेंद्रांवर रात्रीअपरात्री उठणाऱ्या एएनएम यांचे हे श्रेय आहे आणि ते कुणी नाकारू नये. मात्र स्त्री घराच्या खोलीतून लेबर रूममध्ये आली, तेव्हा तिच्या शरीरावरचा अधिकारही सासू-सुइणीकडून उठून डॉक्टर-सिस्टरकडे गेला. तो तिच्या स्वतःच्या हाती आलाच नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणाची पुढची लढाई या अधिकाराची आहे. ती जिंकायची असेल तर प्रसूत होणाऱ्या स्त्रीची संमती ही कागदावरची सही न राहता प्रत्येक टप्प्यावर तिला विचारण्याची रीत व्हायला हवी, आणि ही रीत पाळण्याचे काम व अधिकार दोन्ही परिचारिकेकडे असायला हवेत.

दाखल होताना काय घडते, ते पाहू. कळा सुरू झालेली बाई टेबलाकडे नेली जाते आणि केसपेपर व संमतीपत्र बाहेर थांबलेल्या नवऱ्यासमोर, वडिलांसमोर किंवा सासऱ्यासमोर येतात. ‘इथे सही करा’ एवढेच सांगितले जाते. त्या छापील मजकुरात गरज पडेल ते सगळे करण्याची मुभा आधीच लिहिलेली असते. कायद्याच्या कसोटीवर हा कागद फार दुबळा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिलेला निकाल या बाबतीत स्वच्छ आहे. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजकोश त्याच वेळी काढून टाकण्यात आले होते. त्यासाठीची परवानगी ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या तिच्या आईकडून घेतली होती. न्यायालयाने सांगितले की सज्ञान आणि समजउमज असलेल्या व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कुणी संमती देण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी चालत नाही. अपवाद एकच: जीव वा प्रकृती वाचवण्यासाठी तत्काळ हालचाल करावी लागणे. पुढच्याच वर्षी सुचिता श्रीवास्तव खटल्यात याच न्यायालयाने प्रजननाविषयीचा निर्णय हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग मानला. म्हणजे सासऱ्याची सही हा फार तर नातेवाईकांना माहिती दिल्याचा पुरावा ठरतो. सुनेची संमती तो होऊ शकत नाही.

शिवाय बाळंतपण म्हणजे एकच एक कृती नव्हे. आठ-दहा तासांत शरीराला हात लावण्याचे, औषध देण्याचे, कापण्याचे अनेक निर्णय घेतले जातात. आतून तपासणे, पाणमोट फोडणे, कळा वाढवण्यासाठी सलाइनमधून ऑक्सिटोसिन देणे, पोटावर दाब देणे, बाळाचे डोके दिसू लागल्यावर खाली चीर देणे आणि मग टाके घालणे. यांतल्या काही गोष्टी आवश्यक असतात, काही कधीकधी आवश्यक असतात आणि काही निव्वळ सवयीने होतात. सरसकट चीर देण्याने गंभीर इजा टळते, असे पूर्वी शिकवले जाई. पुढच्या चाचण्यांनी उलटेच दाखवले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सरसकट चीर देणे व पोटावर दाब देऊन बाळ बाहेर ढकलणे, दोन्ही नाकारले. तरी सवय सुटत नाही, कारण जिच्या शरीरावर ती चालते तिला कुणी विचारत नाही आणि तिने विचारावे अशी सोयही नाही. याच संघटनेच्या पुढाकाराने घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरियात प्रत्यक्ष लेबर रूममध्ये बसून केलेला अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. त्यात दिलेल्या चिरांपैकी ७५ टक्के संमतीविना होत्या, आतून केलेल्या तपासण्यांपैकी निम्म्याहून अधिक तशाच. अपमान आणि मारहाण यांचा त्रास तरुण आणि कमी शिकलेल्या स्त्रियांना अधिक होता. हे आकडे भारताचे नाहीत. पण ‘ओरडू नको’ असे दरडावणे आणि नवरा-मूल यांवरून बोचरे टोमणे मारणे आपल्या लेबर रूमला अपरिचित आहे, असे तिथे राहून आलेली कोणतीही स्त्री म्हणणार नाही.

या प्रश्नाची सर्वांत तीक्ष्ण बाजू दिसते ती वार पडल्यानंतरच्या काही मिनिटांत. त्या वेळी तांबी बसवणे वैद्यकीयदृष्ट्या सोयीचे आणि सुरक्षित असते. पण तिची माहिती गरोदरपणातल्या तपासण्यांत, कळांच्या अगदी सुरुवातीला किंवा बाळंतपण आटोपल्यावर शांतपणे द्यावी, भर कळांत पहिल्यांदाच विषय काढू नये, असे सरकारी सूचनाच सांगतात. संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेसाठी पतीची संमती लागत नाही, हेही सरकारी मानकांत लिहिलेले आहे. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. लिहिलेले नियम इतके स्पष्ट असूनही ‘मिस्टरांची सही आणा’ हे वाक्य ऐकू येते, आणि दुसरीकडे स्त्रीला न सांगता तांबी बसवल्याच्या तक्रारीही येत राहतात. दोन्हींमागचा समज सारखाच आहे: तिच्या शरीराबद्दल बोलायचे ते तिच्याखेरीज कुणाशीही. कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट कितीही चांगले असले, तरी न विचारता बसवलेली तांबी हा तिच्या शरीरावरचा अतिक्रम आहे. नंतर रक्तस्राव झाला, दुखू लागले, की तिला कारणच कळत नाही, म्हणून ती वेळेवर तपासायला येत नाही. अनीती इथे थेट धोक्यात बदलते.

आता हे काम परिचारिकेचेच का? सिझरसाठी किंवा अवघड बाळंतपणासाठी डॉक्टर येतात, निर्णय घेतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. कळा सोसणाऱ्या बाईपाशी तासन्‌तास असते ती सिस्टर. नाडी, रक्तदाब, बाळाचे ठोके, पिशवीचे तोंड किती उघडले याच्या नोंदी पार्टोग्राफवर तीच करते. बाई घाबरली आहे की दमली आहे, तिला सांगितलेले समजले की तिने नुसती मान डोलावली, हे सिस्टरला सर्वांआधी दिसते. आपल्याकडे जीएनएम झालेली प्रत्येक परिचारिका शिक्षणाने प्रसविकाही असते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी साधी बाळंतपणे स्वतंत्रपणे हाताळावीत, अशी वाट आखून दिली, आणि १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये आलेल्या नव्या कायद्याच्या नावातच प्रसविका आहेत. कायद्याची दुसरी नजर मात्र तिला अजून स्वतंत्र व्यावसायिक मानत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ पाहा. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास सर्वसाधारण माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय उपचारादरम्यान तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत. ही सवलत ज्यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे त्यांच्यापुरती आहे. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांपैकी आदेश देणाऱ्याला कमी शिक्षेचे संरक्षण आहे, आदेश पाळणारीला नाही. जबाबदारी पुरेपूर आणि अधिकार तुटपुंजा, या स्थितीत ‘डॉक्टर, यांना अजून विचारलेले नाही’ असे म्हणण्याचे बळ तिच्यात कुठून यावे?

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. बाळाचे ठोके उतरू लागले, रक्तस्राव थांबत नाही, अशा वेळी चर्चा करत बसायचे काय? नाहीच बसायचे. जीव वाचवण्यासाठीचा अपवाद कायद्याने याच क्षणांसाठी ठेवला आहे. पण बहुसंख्य बाळंतपणे अशा प्रसंगापर्यंत जात नाहीत, आणि नेहमीच्या तपासणीला आणीबाणीचा नियम लावणे ही पळवाट आहे. प्रत्यक्षात विचारायला लागतो तो दोन कळांमधला अवकाश. ‘ताई, पिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघायला आतून तपासावं लागेल. ही कळ ओसरली की तपासते. दुखलं तर सांग, मी थांबते.’ एवढे बोलायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. चीर द्यावीच लागणार असेल, तरी भुलीचे इंजेक्शन देताना ती का द्यावी लागते आहे, हे सांगता येते. आणीबाणीत काय काय करावे लागू शकते, याची कल्पना आधीच देऊन ठेवायलाही काही आड येत नाही. पुढे लागू शकणाऱ्या उपचारांसाठी नीट समजावून आगाऊ संमती घेता येते, हे २००८ च्या निकालानेच म्हटले आहे.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे आणि तो खोटा नाही. दोन सिस्टर आणि एकाच वेळी कळा देणाऱ्या सहा-सात बायका असतील, तर आवाज चढतो, धीर सुटतो. त्यावर ‘संवेदनशील व्हा’ असे फलक लावणे ही परिचारिकांची थट्टा आहे. पदे भरणे ही सरकारची जबाबदारी आहेच, पण भरती होईपर्यंत थांबण्याची गरज नसलेला एक उपाय हाताशी आहे: बाईच्या पसंतीची एक सोबतीण आत येऊ देणे. प्रसूतिकाळात सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळांचा काळ थोडा कमी होतो आणि सिझरचे प्रमाण घटते, हे १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतिणीची तरतूद आहे. तिच्यामुळे सिस्टरचा भार हलका होतो, आणि कुणीतरी पाहत असले की दरडावणीही आपोआप कमी होते.

तिसरा आक्षेप आपल्या समाजाविषयीचा आहे. इथे निर्णय कुटुंब घेते, बाईच म्हणते ‘यांना विचारा’, आणि फारसे न शिकलेल्या बाईला वैद्यकीय बारकावे काय कळणार? २००८ च्या निकालातही इथल्या परिस्थितीचा विचार करून, डॉक्टरांनी किती माहिती द्यावी याची मोजपट्टी सैल ठेवली गेली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात वेगळी मोजपट्टी लावली. मधुमेह असलेल्या त्या स्त्रीच्या बाळाचे खांदे अडकण्याचा धोका डॉक्टरांना ठाऊक होता, तिला सांगितला गेला नव्हता. त्या स्त्रीच्या जागी असलेल्या व्यक्तीला जे कळणे महत्त्वाचे वाटेल ते सांगितलेच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. आपल्या मोजपट्टीवर वाद होऊ शकतो, पण ती सैल आहे म्हणून न विचारण्याची परवानगी मिळत नाही. नवऱ्याने ठरवावे असे एखाद्या स्त्रीला वाटत असेल, तर तेही तिने सांगितलेले असले पाहिजे. गृहीत धरणे आणि तिने सोपवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. राहिला शिक्षणाचा मुद्दा. गरोदरपणात निषिद्ध काय, लोहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, हे सगळे ज्या स्त्रीला आशाताई तिच्याच बोलीत समजावू शकतात, तिला चीर म्हणजे काय ते समजावता येत नाही, हे पटणारे नाही.

शेवटचा आक्षेप भीतीचा. बाईने नकार दिला आणि बाळ गेले तर गुन्हा कुणावर, मारहाण कुणाला? ही भीती रास्त आहे. दवाखान्यांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पण ज्या कुटुंबाला काहीच सांगितलेले नसते, त्याला प्रत्येक दुर्दैव हा घात वाटतो. काय विचारले, काय सांगितले, तिने काय उत्तर दिले आणि किती वाजता, याची केसपेपरवरची दोन ओळींची नोंद सिस्टरला कोऱ्या फॉर्मवरच्या सहीपेक्षा कितीतरी अधिक वाचवेल. आणि कायद्याच्या लढाईत गरीब बाई किती निःशस्त्र आहे, हेही विसरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, जिथे सर्वांवर पूर्णपणे मोफत उपचार होतात त्या रुग्णालयातल्या रुग्णाला ग्राहक न्यायालयाचे दार बंद आहे. बहुतेक गोरगरीब स्त्रिया नेमक्या अशाच ठिकाणी बाळंत होतात. नुकसानभरपाईचा कायदा तिच्यापर्यंत पोहोचतच नसेल, तर तिचे संरक्षण लेबर रूममध्येच व्हायला हवे.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीशी बाळंतपणात होणाऱ्या संभाव्य उपचारांबद्दल बोलावे आणि तिचा कौल तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवावा. संमतीपत्रावर पहिली सही वा अंगठा तिचा असावा. विचारल्याविना होणारी कृती थांबवण्याचा लेखी अधिकार परिचारिकेला मिळावा आणि तो वापरल्याबद्दल तिच्यावर कारवाई होऊ नये. कलम १०६ मधल्या संरक्षणात नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसविका यांचा समावेश व्हावा. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींसाठी शासनाला हलावे लागेल. पहिल्या दोन गोष्टी कोणतेही रुग्णालय उद्या सकाळपासून सुरू करू शकते, आणि जे करणार नाही त्याच्याकडे सांगण्यासारखे कारण नाही.