भय आणि सायंकाळची उपासना

आधार : मत्तय ४:५–७

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत कुकडीच्या धरणांचें पाणी आलें, ऊंस वाढला, आणि उसांत बिबट्या राहूं लागला. २००१ ते २००३ ह्या वर्षांत जुन्नर भागांत माणसांवर अनेक हल्ले झाले. माणिकडोहास बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे, तरी भय सरलें नाहीं. दिवस मावळला कीं दारें लागतात, आणि सायंकाळची उपासनाही राहूं पाहते.

कोणी म्हणेल, विश्वास आहे तर अंधारांत एकट्यानें जा. हें बोलणें सैतानाचें आहे. त्यानेंच ९१ व्या स्तोत्राचा आधार घेऊन प्रभूस मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगितलें. परंतु प्रभूनें देवाची परीक्षा पाहिली नाहीं. म्हणून विजेरी, काठी व सोबत घेणें हा अविश्वास नव्हे.

मग विश्वास कोठें दिसतो? भय माणसास एकटें करितें. उपासना त्यास मंडळीशीं जोडिते. दावीद सिंहामागें गेला तो कोकरूं सोडवावयास (१ शमुवेल १७:३४–३५). ज्यास दुसऱ्याची काळजी लागली, त्याचें स्वतःचें भय लहान होतें. मळ्यांत एकटी राहणारी विधवा, रात्रीं पिकास पाणी देणारा भाऊ, ऊंसतोड्यांच्या कोपींतलीं लेंकरें, ह्यांची नांवें घेऊन प्रार्थना करा आणि त्यांच्या सोबतीस जा. उपासना उजेडीं भरवा, वस्तीवस्तीवर भरवा. पण मोडूं नका.

ज्या उत्तम मेंढपाळानें मेंढरांकरितां आपला प्राण दिला, तो रात्रींही जागा आहे. आमेन.