पाटे बसलेली गाडी विकताना



आपल्या धर्मग्रामात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री बहुतेक वेळा ओळखीतच होते. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कोणीतरी विचारतो, "काका, तुमची ओम्नी काढायची आहे म्हणे?" आणि दोन-चार दिवसांत व्यवहार ठरतोसुद्धा. आज आम्ही जो प्रश्न मांडत आहोत, तो अशाच व्यवहारातला आहे आणि वरवर पाहता अगदी किरकोळ आहे. गाडी मागून बसली आहे. विकण्यापूर्वी ती थोडी उचलून घ्यावी का? आणि उचलून घेतली, तर घेणाऱ्याला तसे सांगावे का?

काहीजण म्हणतील, हा गॅरेजचा प्रश्न आहे, साप्ताहिक पत्रिकेत तो कशाला? पण चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये हे आपण सगळेच मान्य करतो. अडचण येते ती जिथे आपण काही खोटे बोललेलो नसतो, फक्त गप्प बसलेलो असतो, तिथे. म्हणून आधी गाडीखाली वाकून पाहू. बिघाड काय आहे हे नीट कळल्याशिवाय त्यात लपवण्यासारखे काय आहे, हेही कळायचे नाही.

ओम्नीचेच उदाहरण घेऊ. १९८४ मध्ये ही गाडी मारुती व्हॅन म्हणून रस्त्यावर आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. भाजीच्या टोपल्या, मंडपाचे सामान, शाळेची मुले, लग्नाची वऱ्हाडी मंडळी, या गाडीने सगळे वाहिले. हिच्या मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. एकावर एक ठेवलेल्या, कमान दिलेल्या पोलादी पट्ट्या. सर्वांत लांब असतो तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात आणि त्यांतूनच तो गाडीच्या अंगाला जोडलेला असतो. मधोमध यू-बोल्टने ॲक्सल घट्ट बांधलेला. वजन पडले की कमान सपाट होते, म्हणजे पाटा लांबतो. म्हणून त्याचे मागचे टोक झुलत्या शॅकलला अडकवलेले असते.

पाट्याचे काम वजन पेलण्याचे. पुष्कळांचा गैरसमज असा की गाडी बसली म्हणजे शॉकअप गेले. शॉकअप गाडीचे हेलकावे थांबवतो, वजन पेलत नाही. शॉकअप गेला तर खड्ड्यानंतर गाडी बोटीसारखी डोलत राहील. नवे शॉकअप टाकून बसलेली गाडी वर येत नाही आणि मालकाचे पैसे मात्र जातात.

मग पाटे बसतात म्हणजे काय होते? वर्षानुवर्षे जास्त भार वाहून, वारंवार खड्ड्यांत आपटून, पट्ट्यांच्या मध्ये गंज धरून पोलादाची कमान कायमची उतरते. गंमत अशी की पोलाद 'मऊ' झालेले नसते. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडी-रुंदी-लांबीवर ठरतो, तो फारसा बदलत नाही. जाते ती उंची. परिणाम असा की चाकाला वर यायला जी मोकळी जागा हवी, ती कमी होते. मागे चार माणसे बसली आणि गतिरोधक आला की ॲक्सल वरच्या बंप रबरवर 'धाड्' करून आदळतो. मागचा भाग खाली गेल्यामुळे नाक वर होते आणि रात्री हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याकडच्या अरुंद रस्त्यांवर, दुतर्फा झाडी आणि मधून स्कूटरवाला, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही.

सर्व बसलेल्या गाड्या धोकादायक असतात असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दोन्ही बाजू सारख्या थोड्या उतरल्या असतील आणि पाटे अखंड असतील, तर ती म्हातारपणाची खूण आहे, एवढेच. एकच बाजू कलली असेल तर मात्र पाटा तुटला आहे का, शॅकल गंजून खाल्ली गेली आहे का, हे पाहायला हवे. मेन पाटा डोळ्यापाशी तुटला तर ॲक्सल जागा सोडू शकतो, आणि चालत्या गाडीत तसे झाले तर पुढचे सांगायला नको. पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी रिकामी, टायरमध्ये हवा सारखी, जमीन सपाट. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने दोन्ही बाजूंना मोजायचे. (मोजताना, आणि विशेषतः नंतर काम करताना, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड हवेतच.)

खरी दुरुस्ती म्हणजे दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदलणे, बुश आणि यू-बोल्ट नवे घालणे, आणि काही दिवस गाडी चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळून घेणे. एकाच बाजूचा पाटा बदलला तर गाडी दुसऱ्या बाजूला कलते. दुसरा मार्ग, जुने पाटे उतरवून ते थंडच ठोकून पुन्हा कमान देण्याचा. अनुभवी कारागिराच्या हातून हे बरे होते, पण थकलेले पोलाद काही काळाने पुन्हा बसू लागते. गॅसच्या ज्योतीने पाटा तापवून वाकवणे तर वाईटच. त्याने पोलादाचे पाणी उतरते. तिसरा मार्ग, एक पाटा वाढवण्याचा. ज्याला रोज सामान वाहायचे आहे त्याला तो चालेल. मात्र गाडी कडक होते आणि मागे बसणाऱ्यांची हाडे खिळखिळी होतात. आणि चौथा मार्ग म्हणजे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा बसवून, किंवा कॉइल स्प्रिंगच्या गाडीत वेढ्यांमध्ये रबराचे बफर कोंबून, गाडी वर घेणे. हे थोडक्या वेळात, थोडक्या पैशांत होते. स्प्रिंग आहे तशीच राहते, गाडी मात्र उभी दिसते. विकायला काढलेल्या गाडीला बहुधा हाच मार्ग सापडतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. तो नवा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात नेमका हाच विचार केला आहे: विकणाऱ्याने मालातला दोष सांगितलाच पाहिजे का? त्या काळी गाड्या नव्हत्या, म्हणून त्यांनी घोडा घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका असेल, तर सांगणे बंधनकारक आहे. लंगडा घोडा चपळ म्हणून किंवा पडायला आलेले घर भक्कम म्हणून विकता येणार नाही. पण दोष उघड दिसणारा असेल, म्हणजे घोड्याचा एक डोळा गेलेला असेल, आणि विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी केली असेल, तर त्याने तोंडाने सांगितलेच पाहिजे असे नाही. घेणाऱ्यालाही डोळे आहेत.

हा नियम आपल्या ओम्नीला लावून पाहिला तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. बसलेली गाडी तशीच, बसलेलीच, कमी किमतीला विकायला ठेवली, तर मालक गप्प राहिला तरी त्याने फसवले असे म्हणता येत नाही. लांबून पाहणाऱ्यालाही ती मागून खाली गेलेली दिसते. पण तीच गाडी ठोकळे घालून उचलली, की उघड असलेला दोष झाकला गेला. एक डोळा गेलेल्या घोड्याला काचेचा डोळा बसवल्यासारखे झाले. जी जबाबदारी काल मालकावर नव्हती, ती आज त्याच्यावर आली, आणि ती त्याने स्वतः, पैसे मोजून, ओढवून घेतली. म्हणून आमचे मत असे की गाडी उचलण्यात पाप नाही, पण उचलून गप्प राहण्यात आहे. अर्थात बसलेल्या गाडीतही मेन पाट्याला चीर गेली आहे हे मालकाला ठाऊक असेल, तर ती लांबून दिसत नाही. ती सांगायलाच हवी, किंमत कितीही उतरवलेली असो.

यावर कायदा काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम फसवणुकीची व्याख्या करते. नुसते गप्प राहणे ही एरवी फसवणूक नाही, असे ते सांगते. आणि योगायोग पाहा, उदाहरणाला तिथेही घोडाच आहे. एकजण आपला सदोष घोडा लिलावात विकतो, दोष ठाऊक असून बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण लगेच पुढचे उदाहरण येते: घेणारी व्यक्ती विकणाऱ्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते, कारण नाते तसे आहे.

आम्हाला हा दुसरा दाखला फार बोलका वाटतो. परक्याशी गप्प राहिलेले चालते, मुलीशी नाही, अशी रेघ कायद्याने ओढली, कारण कायद्याला कुठेतरी थांबावेच लागते. पण चर्चच्या आवारात ओम्नी बघायला आलेला तरुण कोण आहे? त्याला भाजीचा धंदा सुरू करायचा आहे किंवा शाळेची मुले न्यायची आहेत. त्याची आई आपल्याच बाकावर बसते. त्याला परका म्हणायचे असेल तर म्हणता येईल, कायदा आड येणार नाही. आपणच ठरवायचे.

"पण तो आपला मेकॅनिक घेऊन आला होता, त्याने पाहून पसंत केली," असे उत्तर नेहमी ऐकू येते. या आक्षेपालाही अक्वायनस यांनी उत्तर देऊन ठेवले आहे. घेणाऱ्याच्या निवाड्यावर सोपवले, हे खरे. पण निवाडा जे समोर आहे त्याचाच करता येतो. जे झाकले आहे त्याचा निवाडा त्याच्यावर सोपवला, असे म्हणता येत नाही. दुसरी सबब असते ती घराची. मुलीची फी आहे, घरात आजारपण आहे, दोन पैसे जास्त आले तर हवेच आहेत. ही सबब आम्ही हसण्यावारी नेत नाही. दोष सांगितला की समोरचा वाजवीपेक्षा जास्त पाडून मागतो, हेही खरेच. त्या संतालाही हे माहीत होते, म्हणून त्यांनी चारचौघांत दवंडी पिटायला सांगितलेले नाही. तसे केले तर ज्याला तो माल उपयोगी पडला असता तोही दुरूनच परत जाईल. जो विकत घ्यायला समोर आला आहे, त्याला एकट्याला सांगावे, म्हणजे तो सगळ्या बाजू, बऱ्या आणि वाईट, तोलून पाहील. म्हणजे गाडीच्या काचेवर 'पाटे बसलेले आहेत' अशी पाटी लावायची गरज नाही. चावी हातात देण्यापूर्वी दोन वाक्ये पुरे: "मागचे पाटे जुने आहेत. मी ठोकळे घालून उचलली आहे, पुढेमागे बदलून घ्या."

आणि गॅरेजवाला? "दादा, विकायचीच आहे, फक्त वर दिसली पाहिजे," असे गिऱ्हाईक सांगते तेव्हा त्याची पंचाईत होते. तो म्हणेल, मी सांगितलेले काम केले, पुढे गाडी कोणाला विकली ते मला काय ठाऊक. पण या ठिकाणी त्याला ठाऊक असते. गिऱ्हाईकाने तोंडानेच सांगितलेले असते. आमच्या मते त्याने काम नाकारलेच पाहिजे असे नाही, पाटे अखंड असतील तर. मात्र पाटा तुटलेला दिसला तर तो झाकायचे काम हातात घेऊ नये, मग गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तरी चालेल. आणि जे केले ते बिलावर नीट लिहावे. 'मागील काम' एवढेच लिहून भागत नाही. 'ठोकळे बसवले, पाटे बदलले नाहीत' असे लिहावे.

हे बिल दुसऱ्याही एका कारणाने लागते. पुष्कळदा गाडी ओळखीत न जाता जुन्या गाड्यांच्या डीलरकडे जाते. डीलर जाणकार असतो, खाली वाकला की ठोकळा त्याला दिसतो. त्याला फसवले जाण्याची भीती कमी. पण आपण त्याला सांगितलेले त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेलच, याची खात्री कोणी द्यावी? तिथे आपला हात पोहोचत नाही आणि तेवढी जबाबदारी आपल्यावर टाकणेही योग्य नाही. आपल्या हातात एवढेच आहे की आर.सी. बुक आणि विम्याच्या कागदांबरोबर पाट्यांच्या कामाचे ते बिलही त्याच पिशवीत घालून द्यावे.