पत्रकावरची आई

लेक : मिशेल वू यांचे आईवडील तैवानहून आले. आई मानसिक आजाराने खचली तेव्हा वू बॉस्टनची नोकरी सोडून शिकागोला परतल्या, धाकट्या बहिणींना सांभाळलं, चहाचं दुकान काढलं. परवान्यांसाठी खेटे घालताना सरकारी कारभार कसा चालतो ते त्यांना कळलं. हे त्या उघड सांगत आल्या. 2021 मध्ये बॉस्टनच्या महापौर झाल्या. मग सिटी कौन्सिलच्या निवडणुकीतल्या माझ्या पत्रकात मी तुझी रात्रपाळी सांगितली तर काय बिघडलं?

मी : आजारी माणसाची संमती कशी घ्यायची, हा अवघड प्रश्न आहे. माझ्या बाबतीत तो नाही. मी धडधाकट आहे आणि नको म्हणते आहे.

लेक : पण का?

मी : एम.एस्सी. झालेल्या बाईने दुकानाच्या गल्ल्यावर रात्री काढल्या, हे मी सांगलीला सख्ख्या भावालाही कळू दिलं नाही. तुला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून ते दिवस गिळले. आता तूच ते दारोदार वाटणार?

लेक : विमा कंपनीला तुझे उच्चार कळायचे नाहीत, म्हणून फोनवर मी बोलायचे. नऊ वर्षांची होते. तू कामावर असायचीस त्या रात्री मी दाराकडे कान लावून जागी राहायचे. आई, ती रात्रपाळी माझीही होती.

मी गप्प झाले. मुलं आपल्या कष्टांची नुसती साक्षीदार नसतात, वाटेकरी असतात, हे मला मान्य आहे. तरी ज्याने सोसलं त्याचा शब्द पहिला, हा माझा हट्ट सुटत नाही.

मी : तुझा वाटा तू सांग. माझा राहू दे.

लेक : तू नसलेली माझी गोष्ट कुठून आणू?

मी : गोष्ट हवीच कशाला? 2021 च्या शेवटच्या लढतीत दोघीही स्थलांतरितांच्या लेकी होत्या. वू यांच्या प्रतिस्पर्धी अनिसा एसाइबी जॉर्ज यांचे वडील ट्युनिशियाचे. आई पोलिश, जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेली. लोकांनी घरभाडं, शाळा, बस हेच पाहिलं असणार.

लेक : आणि तरीही वाद झाला तो बॉस्टनची खरी कोण, यावर. आपण कुठून आलो ते आपण सांगितलं नाही की दुसरे सांगतात, आणि त्यांच्या तोंडी आपण फक्त बाहेरचे असतो.

मी : 2022 मध्ये वू यांनी 23 आणि 29 या मार्गांवरच्या बस मोफत केल्या, 28 ची मोफत सेवा पुढे चालू ठेवली. बॉस्टनच्या मॅटापॅन वस्तीतली बाई बसमध्ये चढताना महापौरांची आई कोण, ते विचारत नाही.

लेक : ज्या घरात भाड्याची नाणी मोजली जातात, तिथेच मोफत बसचा विचार आधी सुचतो.

हे मला पटत नाही. हाल सोसून इथे आलेली किती तरी माणसं मागून येणाऱ्यांसाठी दार लावायला निघालेली मी पाहिली आहेत. सोसल्याने माणूस मऊ होतोच असं नाही. लेक मऊ आहे, पण ते माझ्या रात्रपाळीमुळे नव्हे, असं मला वाटतं. तिला मात्र मी हे बोलले नाही. वेगळंच बोलले.

मी : निवडून आल्यावर कोविड लसीच्या सक्तीविरुद्ध लोक भल्या सकाळी वू यांच्या घरासमोर येऊन आरडाओरडा करायचे. अखेर घरांसमोरच्या निदर्शनांना वेळेचं बंधन घालणारा नियम शहराला करावा लागला. त्याच घरात त्यांची आई राहते. तिने कुठे उमेदवारी अर्ज भरला होता?

लेक : म्हणजे ज्यांच्या घरात म्हातारं, आजारी कुणी नाही, त्यांनीच राजकारण करायचं? मग आजाऱ्यांसाठी कौन्सिलमध्ये बोलणार कोण?

मी : मी तुला उभी राहू नकोस म्हटलेलं नाही.

लेक : मुकी उभी राहा म्हणते आहेस.

मी : छापायच्या आधी मजकूर मला दाखव.

लेक : दाखवेन. पण तू खोडलेलं वाक्य मी गाळेनच, असं वचन देत नाही.