नानकटाईचे कूळ

फराळाच्या ताटात चकलीचे कूळ कोणी विचारीत नाही. नानकटाईचे मात्र आमच्या शहापूर-मुरबाडकडे अजून विचारतात. ती बाहेरची, हे खरेच. नावातला ‘नान’ फारसी. सुरतेच्या डचांची पावभट्टी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि तिथल्या पावाच्या धंद्यातून ही तुपाळ, ठिसूळ वस्तू जन्मली, असे सांगतात. पण चकलीतली मिरची तरी कुठली? पोर्तुगीजांमागून अमेरिकेहून आलेली! चार शतके उलटली, म्हणून ती सोवळ्यात बसली, इतकेच.

मला निराळेच कोडे पडते. मुरबाडला मावशीकडे दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून भट्टीवर नेत. भट्टीवाला मुसलमान. रात्र रात्र जागून तो घराघरांचे पत्रे सांभाळी. एकाची नानकटाई दुसऱ्याकडे गेली, असे कधी झाले नाही. त्याने भाजलेले घरात चाले, त्याच्या हातचे पाणी चालत नसे. अग्नीने सारे शुद्ध होते, असे मावशी म्हणे. मग दिवसभर त्या अग्नीपाशी बसणारा माणूसच तेवढा कसा वगळला जातो?

मावशी यावर बोलत नसे. आणखी एक नानकटाई माझ्या हातावर ठेवी.